मुहूर्ताची गाडी

"आत या. उन्हात उभं राहून कशाला भांडताय?" लिमयेबाई म्हणाल्या.

"मी भांडायलाच आलेय," मी म्हटलं. "आत आले की तुम्ही चहा टाकणार. आणि एकदा चहा प्यायला की मला भांडता येत नाही."

सांगलीच्या विश्रामबागेत त्यांचा बंगला होता. दारापुढे तीन पायऱ्या. दोन दिसल्या, तिसरी दिसली नाही, आणि अंगठा असा ठेचकाळला की जीव कळवळला. जयसिंगपूरहून एसटीनं एकटी आले होते, घरात न सांगता. अकरा महिने मनात साठलेलं सगळं त्या दारात ओतायचं होतं, आणि ते ओतल्याशिवाय मी त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नव्हते.

"तुमच्या गाडीनं आमचं वाटोळं केलं," मी म्हटलं. "वरून रंगरंगोटी आणि आत सगळा गंज. विकताना एक शब्द बोलला नाहीत. तुमचे मिस्टर सज्जन होते म्हणे. पक्ष्यांचे फोटो काढायचे, शाळाशाळांतून दाखवायचे. त्यांच्या माघारी त्यांचीच गाडी अशी लोकांच्या गळ्यात मारताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

लिमयेबाई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, सत्तरीच्या. मला तेव्हा समोरच्या माणसाचा एका वेळी एकच तुकडा दिसायचा, डोळे तरी नाहीतर ओठ तरी. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते काहीतरी बोलायला उघडले आणि पुन्हा मिटले.

"मगदूमबाई," शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही इथे आलात ते तुमच्या मिस्टरांना माहीत आहे का?"

"त्यांना काय माहीत असणार? ते गाडीखाली आडवे आहेत. सकाळी आठला गाडीखाली जातात ते दिवेलागणीला बाहेर येतात. पाडव्यापासून हेच चाललंय. आता पुढचा पाडवा महिन्यावर आला."

"मग आधी बसा," त्या म्हणाल्या. "कारण मला जे सांगायचंय ते उभ्यानं ऐकण्यासारखं नाही."

मला वाटलं, आता रडगाणं गाणार. मी एकटी, मी विधवा, मला गाड्यांतलं काय कळतंय. असल्या रडगाण्यांना मी बधणारी नव्हते. बसले खरी, पण खुर्चीच्या काठावर.

त्या गाडीवर माझं काय अडलं होतं, ते सांगायला हवं. मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली. त्यातली निम्मी ट्रंककॉलच्या बोर्डावर. कुठल्या तरी व्यापाऱ्याचा जावई जैसलमेरला, कुणाचा मुलगा पलटणीतून कालिंपाँगला, कुणाचे आईवडील यात्रेला रामेश्वरमला. एकेक एक्स्चेंज गाठत मी आवाज तिथवर पोचवायची. पलीकडची ऑपरेटर कधी म्हणायची, इथे बर्फ पडतोय. कधी म्हणायची, खिडकीतून समुद्र दिसतोय. मी "बरं, लाइन देते" म्हणून खुंटी लावायची. स्वतः मी गेले होते एकदा श्रवणबेळगोळला, आणि माहेरी निपाणीला. बाकी नोकरी, घर, सासूबाईंचं अंथरूण. चौदा गावं मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवली होती, रिटायर झाल्यावर बघायची म्हणून.

रिटायर झाले आणि वर्षाच्या आत मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. "गेलेली नजर परत येणार नाही," ते म्हणाले. "उरलेली थेंबांनी जेवढी टिकेल तेवढी. कडेकडेनं कमी होत जाईल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं बरी जातील असं धरून चाला. जे बघायचं असेल ते बघून घ्या."

हे आमच्या ह्यांच्यासमोर सांगितलेलं. माझी पर्स हातात धरून ते शेजारी बसले होते. ह्यांचं नाव भूपाल मगदूम. आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गाला शिकवायचे. पंचक्रोशीतले अर्धे लेथ चालवणारे त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे सगळे त्यांना मगदूम सर म्हणतात. माझ्या दोन वर्षं आधी रिटायर झालेले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "आपण जाऊया त्रिशला. चौदाच्या चौदा. पण हॉटेलं नकोत. रोज नवी खोली, नवी पायरी, नवी मोरी, तू धडपडशील. आपण चाकांवरचं घरच घेऊ. कुठंही गेलं तरी आत तीच खोली, तीच खाट. ती एकदा पाठ झाली की झालं."

इतका शहाणपणाचा विचार होता की मला भर रस्त्यात रडू आलं. मी ह्यांचा हात धरला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, रस्त्यात हात धरायची ती पहिलीच वेळ.

नवीन मोटारहोम आमच्या ऐपतीबाहेरचं. मग ही लिमयांची गाडी कळली. लिमयेसाहेबांनी मिनीबस घेऊन तिचं घर करून घेतलेलं. दोन खाटा, एक छोटा ओटा, पाण्याची टाकी, बसायचा संडास. ते वारले तेव्हापासून गाडी बंगल्याच्या मागं उभी होती. माझ्या ग्रॅच्युइटीतून पैसे द्यायचे ठरले, आणि पाडव्याला आम्ही गाडी बघायला आणि घ्यायला, दोन्हीला एकदमच गेलो.

गाडीला झेंडूचा हार होता, काचेवर स्वस्तिक. मी आत चढून खाट चाचपली, ओट्यावर हात फिरवला. मग खाली उतरून म्हटलं, "जरा खालून बघा की अहो, तुम्हाला कळतंय त्यातलं."

"अगं, मुहूर्त टळतोय," हे म्हणाले. "साडेअकराच्या आत नारळ फुटला पाहिजे."

लिमयेबाईंनी ओवाळलं, ह्यांनी नारळ फोडला, आणि नारळ फुटल्यावर गाडीला नावं ठेवायची नसतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चांगली असो वाईट असो, ती आता घरची झाली.

चौथ्या दिवशी ह्यांनी गाडी पाइप लावून धुतली आणि छप्पर तीन ठिकाणी गळलं. मग प्लायवूड फुगलेलं निघालं. मग एका बाजूचा पत्रा टोकरला तर आत पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मग चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. मागच्या चाकाशी तिला असा गंज, की ह्यांचा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मग वायरिंग, मग टाकी, मग टायर. जुनी गाडी घेतली म्हणून वाचवलेले पैसे तर गेलेच, वर आणखी तेवढेच गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण पैशांचं मला एवढं नव्हतं. शिरोळ रस्त्यावरच्या एका बंद शेडमध्ये गाडी गेली आणि माझे महिने तिच्याबरोबर गेले.

रोज संध्याकाळी हे घरी यायचे, ग्रीसनं माखलेले, आणि नवीन काहीतरी निघाल्याचं सांगायचे. मी लिमयेबाईच्या नावानं बोटं मोडायची. हे हात धूत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे गं. एकटी बाई आहे. तिला काय माहीत." मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस.

आणि इकडं माझं काय चाललं होतं? वैशाखात ओट्यावरून गडगडलेलं लिंबू दिसेनासं झालं. श्रावणात वाढताना ताटाचा काठ सापडेना. दिवाळीत शेजारीण दारात उभी होती आणि मी तिच्या अंगावर सडा टाकला. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि पहिल्यासारखं भरभर बोलले नाहीत. मी काय ते ओळखलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी लिमयेबाईंच्या दारात होते.

त्या आतून एक कागद घेऊन आल्या.

"आमच्या ह्यांची एक सवय होती," त्या म्हणाल्या. "गाडीत जे जे बिघडलेलं असेल ते वहीत लिहून ठेवायचे. ती वही मी समोर ठेवून ही यादी केली. दोन प्रती. एक तुमच्या मिस्टरांना दिली आणि एकीवर त्यांची सही घेतली. विकलेल्या वस्तूबद्दल उद्या कुणी नाव ठेवायला नको म्हणून. वाचा तुम्हीच."

मी खिडकीशी गेले. उजेडात कागद डोळ्यांजवळ धरला. मला ओळ दिसायची नाही, शब्द दिसायचा. एक शब्द संपला की कागद सरकवायचा, मग पुढचा. चासी. मागच्या. डाव्या. चाकाजवळ. गंजून. कमजोर. कागद सरकवला. छप्पर. तीन. ठिकाणी. गळते. मी सरकवत राहिले. पत्र्याखालची लांबी, फुगलेलं प्लायवूड, कुरतडलेल्या वायरी, टाकीची चीर. ह्यांनी अकरा महिने एकेक करून घरी आणलेली प्रत्येक बातमी त्या कागदावर अनुक्रमांक घालून लिहिलेली होती. एकोणीस कलमं. खाली, 'वरील सर्व दोष मला दाखवले आहेत व ते मी स्वतः तपासले आहेत.' आणि त्याखाली ह्यांची सही. मगदूममधला गाठीवाला म, तो मी हजारात ओळखीन.

"तारीख बघा," लिमयेबाई म्हणाल्या.

तारीख पाडव्याच्या अकरा दिवस आधीची होती. त्या दिवशी हे मला बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला जातो म्हणाले होते. मी प्रसादाला डब्यात लाडू दिले होते.

"ते आले होते?" मी विचारलं.

"एकटेच आले होते. टॉर्च, चुंबक, हातोडी, सगळं बरोबर होतं. चार तास गाडीखाली होते. मी म्हटलं, अहो, ही मी भंगारात देणार आहे, तुम्ही कशाला गळ्यात बांधून घेताय? तर बाहेर आले ते हसत. म्हणाले, बाई, किती वर्षांनी असं काम हाताला लागलंय."

"आणि मी पाडव्याला आले तेव्हा? तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"त्यांनी विनंती केली होती. म्हणाले, बायकोला डोळ्यांचा त्रास आहे, तिच्यासमोर यातलं काही काढू नका, उगाच काळजी करत बसेल."

"डोळ्यांचा त्रास आहे, एवढं सांगितलं? डॉक्टरांनी दोन वर्षं दिलीत, त्याच्या आत मला चौदा गावं बघायचीत, ते नाही सांगितलं?"

लिमयेबाई खाली बसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते सांगितलं असतं तर मी गाडी दिली नसती."

मी त्यांच्यावरही चिडले. बाईनं बाईला सांगायला नको? नवऱ्यानं गप्प राहा म्हटलं की सगळ्या जगानं गप्प बसायचं? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." मग त्यांनी चहा टाकला आणि मी तो प्यायले. त्या घरात भांडायला माझ्याकडं आता काही उरलं नव्हतं.

परतीच्या एसटीत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. साडेअकराच्या आत नारळ फुटला पाहिजे! पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी पंचांग बघावं लागत नाही, अख्खा दिवस शुभ. ते साडेअकरा आले कुठून? आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी भिंतीवरच्या कॅलेंडरात राहूकाळ बघितला नाही, त्याला त्या दिवशी मुहूर्ताची घाई झाली होती. मी तिथं उभी होते, माझ्या तोंडावर सांगितलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला माझाही राग आला. पण माझा राग मी पंधरा मिनिटांत गिळला. ह्यांचा गिळवेना.

शेडपर्यंत रिक्षा केली. आत वेल्डिंग चाललं होतं. ते तय्यब मिस्त्री करत होते. ह्यांचेच जुने विद्यार्थी, आता स्वतः पन्नाशीचे. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं.

"वैनी? तुमी एकट्या? अवो, फोन करायचा की, मी आलो असतो न्यायला."

"सर कुठायत?"

"खाली हायत. सर, वैनी आल्यात!"

गाडीखालून चाकं लावलेली फळी सरकत आली आणि तिच्यावर आडवे झालेले हे बाहेर आले. मला आधी हात दिसले, मग चेहऱ्याचा मधला भाग. त्या चेहऱ्यावर आनंद होता. खोटं कशाला सांगू, पस्तीस वर्षांत इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा बघितला होता. त्यानंच माझं डोकं आणखी फिरलं.

"त्रिशला, ये, बघ तरी," हे म्हणाले. "गाडीच्या तळाची फळी सगळी काढली. प्लायवूड पुन्हा फुगलं असतं. सागवानी बसवतोय. हात लावून बघ, कसलं..."

मी कागद त्यांच्या छातीवर ठेवला. ते फळीवर आडवेच होते.

ते उठून बसले. कागद उलगडायचीही गरज पडली नाही त्यांना.

"तू सांगलीला गेलीस?"

"हो. तुमच्यासाठी एका परक्या बाईला दारात उभी करून चोर म्हणाले. सज्जन माणसाची बायको म्हणवता आणि लोकांना लुबाडता, म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हा कागद दिला. लाज वाटली मला. तुमची वाटायला हवी होती, ती माझी वाटली."

"मला वाटलं, तीन महिन्यांत उरकेल."

"तुम्ही आयुष्यभर पोरांना कामाचे तास काढायला शिकवलंत. ही एकोणीस कलमं तीन महिन्यांत होतात?"

ते बोटांवरचं ग्रीस चिंधीनं पुसायला लागले.

"बोला ना."

"सहा-आठ लागतील हे दिसत होतं," ते म्हणाले. "पण तू असं बघ, चांगली तयार गाडी घेतली असती तर मी काय करणार होतो? चावी फिरवायची आणि चालवायची. दोन वर्षं मी घरात खुर्चीवर बसून होतो. कुणाला माझी गरज नव्हती. ही गाडी बघितली आणि मला वाटलं, ही मी माझ्या हातानं उभी करीन आणि तुला त्यात बसवून नेईन. तुझ्यासाठीच करत होतो की."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

तेवढ्यात तय्यब मिस्त्री खाकरले. त्यांनी बाहेर जाऊन उभं राहायला हवं होतं, पण बिचारे मशीनची वायर गुंडाळत तिथंच घोटाळत होते.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तुम्ही मला खरं सांगा. ही गाडी रस्त्यावर चालायच्या लायकीची कधी झाली?"

"वैनी, सरांनाच इचारा की."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं असावं. मला दिसलं नाही. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "गणपतीत पासिंग झालं तवाच झाली, वैनी. इंजान, चासी, ब्रेक, छप्पर, समदं ओके. मी सरांस्नी म्हणलं, सर, आता वैनीस्नी घेऊन निघा. आतलं फर्निचर काय, येताजाता बी करता येतंय. तर सर म्हणलं, अर्धवट काम घेऊन मी जात न्हाई. वैनी, आत्ता तुमाला चाचपत आत येताना बघितलं. मला म्हाईत असतं तुमच्या डोळ्याचं एवढं हाय, तर मी..."

गणपती. म्हणजे भाद्रपद. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी. तेव्हा मला ताटाचा काठ सापडत नव्हता, पण माणसाचा अख्खा चेहरा दिसत होता. डोंगर दिसला असता. समुद्र दिसला असता.

फसवून घेतलेली गाडी मी एखादे वेळी पोटात घातली असती. माणूस रिकामा बसला की त्याला वेड लागतं, हे मला कळत होतं, मी ते घरात बघितलं होतं. पण हे सहा महिने! गाडी दारात उभी राहू शकत होती, बायकोची नजर रोज कमी होत होती, आणि हा माणूस सागवानाला रंधा मारत होता.

"तुमच्याकडं वेळ होता," मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडायचं सगळं सांगलीला चुकीच्या दारात सांडून आले होते. "तुमच्याकडं अजून वीस वर्षं असतील. माझ्याकडं दोन होती. तुम्हाला काम हवं होतं ना, शेजारच्याचा पंप दुरुस्त करायचा, देवळाची घंटा ओतायची. माझ्या दोन वर्षांत हात कशाला घातलात? मला गाडी नको होती हो. सागवान नको होतं. मला ती गावं बघायची होती."

"उद्या निघू," हे म्हणाले. "फळी नसली तरी चालतंय. उद्या सकाळी निघू. तू म्हणशील तिकडं."

"नको."

"अगं, असं काय करतेस? गाडी चालते की."

"गाडी चालते. मला तुमच्याबरोबर जायचं नाही."

तय्यब मिस्त्री मला स्कूटरवरून घरी सोडायला आले. वाटेत त्यांनी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, गप्प बसा आणि खड्डे बघून चालवा." त्यांचा काहीच दोष नव्हता. पण त्या दिवशी माझ्या तोंडून कुणालाच गोड शब्द निघणं शक्य नव्हतं.

आठ दिवसांनी मी निघाले. एक्स्चेंजातली माझी जुनी मैत्रीण सुशीला खोत बरोबर आली. रेल्वेनं, धर्मशाळांतून, रोज नव्या मोरीत धडपडत. गुडघे फुटले, एकदा हॉटेलच्या काचेच्या दारावर कपाळ आपटलं. रामेश्वरम बघितलं, कन्याकुमारी बघितली. त्या वर्षी दसऱ्यानंतर कालिंपाँगला गेलो. सकाळी ढग बाजूला झाले तेव्हा सुशीला "बघ, बघ" म्हणत माझा खांदा हलवत होती, आणि मी मान वळवत वळवत ते शिखर बघत होते. आधी एक कड, मग बर्फाचा एक पट्टा, मग टोक. अख्खं एकदम काही दिसलं नाही. चार तुकडे मिळाले, ते मी अजून मनात जोडते. चौदातली पाच गावं झाली. सहाव्याचं तिकीट काढलं होतं, ते परत केलं, कारण तोपर्यंत जायचं कशाला असा प्रश्न आला होता.

आम्ही वेगळे वगैरे झालो नाही. या वयात कुठं जाणार? ते माझे थेंब वेळेवर घालायचे, भाजी निवडायचे, मला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मी "हो", "नाही", "मीठ कमी आहे" एवढं बोलायची. शेडमध्ये जायचं त्यांनी सोडलं नाही. मला वाटतं, तिथं गेले नसते तर जगले नसते. लोक म्हणायचे, मगदूम सर बायकोसाठी गाडी बांधतायत. एका वार्ताहरानं फोटोसकट छापलंही. सुशीलानं मला ते वाचून दाखवलं आणि वाचतावाचता तिनं असा एक शब्द वापरला, जो मी इथं लिहीत नाही.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी, अक्षयतृतीयेला, गाडी दारात आली. मला आधी हॉर्न ऐकू आला, मग गल्लीतली माणसं बाहेर पडलेली ऐकू आली. हे आत आले, माझा हात धरला आणि मला अंगणातून बाहेर घेऊन गेले. मी हात सोडवला नाही, कारण फाटकापाशी पायरी होती. बाहेर बायका म्हणत होत्या, काय देखणी झालीय, नवीपेक्षा नवी. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं. तय्यब मिस्त्री कुठंतरी मागं होते, त्यांच्या खोकल्यावरून कळलं.

ह्यांनी माझा तळवा गाडीच्या दारावर ठेवला. पत्रा गुळगुळीत होता, कुठं एक चढ-उतार नाही. काम चांगलं होतं. वाईट काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नाही.

"रंग कोणता दिलाय?" मी विचारलं.



"मोरपंखी," ते म्हणाले, आणि रडायला लागले. चारचौघांत, हुंदके देऊन, पोरासारखे. बायकांना वाटलं, आनंदानं रडतायत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी दारावरचा हात काढून घेतला, मागं वळले आणि फाटक चाचपत घरात गेले.